बिऱ्हाड हलले, शाळेचे काय?

बिऱ्हाड हलवायचे म्हटले की किती कामे निघतात! भांडी पोत्यात भरायची. अंथरूण-पांघरूण बांधायचे. टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करायची. नव्या जागी पाणी कुठून येते ते बघायचे. रेशनकार्ड बदलायचे. या धांदलीत एक गोष्ट हमखास मागे राहते. ती म्हणजे पोरांची शाळा. "एकदा तिकडे बस्तान बसू दे, मग बघू," असे आपण म्हणतो. बस्तान बसेपर्यंत महिना जातो, दोन महिने जातात. पोरगी घरीच.

विडी वळणाऱ्या घरात पोरगी घरी राहिली तर रिकामी बसत नाही. आधी धाकट्याला सांभाळते. मग आईच्या शेजारी सूप घेऊन बसते. पाने कापून देते. विडीचे तोंड बंद करायला शिकते. हात बसला की आईच्या हजार विड्यांत तिच्याही शे-दोनशे येतात. घराला चार पैसे दिसायला लागतात. मग पुढच्या जूनमध्ये तिला शाळेत कोण धाडतो? दोन महिन्यांसाठी सुटलेली शाळा कायमची सुटते. तिसरी-चौथीत सुटली तर शिकलेले वाचणेही विसरते. आपण मोठेपणी अक्षरे गिरवायला बसलो. आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून घर बदलल्यावर पोराला नव्या शाळेत जागा कशी मिळवायची, आणि शाळेने 'नाही' म्हटले तर काय करायचे, ते नीट समजून घेऊ या.

सोलापूर हे बिऱ्हाड हलवणाऱ्यांचे शहर आहे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. तिला पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. गिरण्यांसाठी, मागांसाठी आणि विड्यांसाठी मराठवाड्यातून माणसे आली, कर्नाटकातून आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. म्हणून तर इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या भाषांच्या शाळा आहेत. पुढे गिरण्या बंद पडल्या. मागे राहिल्या झोपडपट्ट्या आणि भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांतून विडी कामगार बायांनी स्वतःच्या पक्क्या घरासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्यांचे पुढारपण केले. शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याला कुंभारी गाव आहे. तिथे २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरे विडी कामगार बायांना मिळाली. त्याच कुंभारीला रे नगर उभे राहिले. हे काम एकूण ३०,००० घरांचे. त्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना देण्यात आली.

तारीख बघा. जानेवारी महिना. शाळेचे वर्ष सुरू होते जूनमध्ये. म्हणजे किल्ली हातात आली तेव्हा पोरे वर्षाच्या मध्यावर होती. घर मिळाले याचा आनंद मोठाच. पण शहरातल्या शाळेपासून घर लांब गेले. रोज एवढ्या लांब लहान पोराला एकट्याने कसे पाठवायचे?

आणखी एक गोम आहे. सोलापूर शहरातल्या नगरपालिकेच्या शाळा महापालिका चालवते. कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. तिथली सरकारी शाळा जिल्हा परिषदेची. म्हणजे घर शहरातून गावात गेले आणि पोर एका कचेरीच्या हातातून दुसऱ्या कचेरीच्या हातात गेले. दोन कचेऱ्या आल्या की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. ही म्हणते तिकडे विचारा, ती म्हणते इकडे विचारा. फेऱ्या आपण मारायच्या. एका फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते आधी पक्के करू.

२००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आपल्या वस्तीजवळच्या शाळेत आठवीपर्यंत फुकट शिकण्याचा हक्क आहे. आपल्या राज्याच्या नियमांत 'जवळ' म्हणजे किती तेही लिहिले आहे. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. तेवढ्यात शाळा नसेल तर जाण्यायेण्याची सोय बघणे हे सरकारचे काम.

यातला 'सक्ती' हा शब्द मोठा मजेचा आहे. सक्ती कुणावर? पूर्वी ती आईबापांवर असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड होता. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही आईबापांना दंड करण्याची सोय होती. २००९ च्या कायद्याने ही काठी फिरवली. आता सक्ती आहे ती सरकारवर. मुलाला दाखल करून घेणे, त्याची हजेरी बघणे, त्याचे शिक्षण पुरे करणे हे सरकारने केलेच पाहिजे. आपण शाळेच्या दारात उभे राहतो ते उपकार मागायला नव्हे. शाळेने जे काम करायचेच आहे ते करा म्हणून सांगायला. अर्थात सांगायचे गोड बोलून. गुरुजींशी भांडण काढून आपल्याला काही मिळत नाही. उद्यापासून पोर त्यांच्याच वर्गात बसायचे असते.

आता समजा, एक आई आपल्या मुलीला घेऊन नव्या गावातल्या शाळेत गेली.

"नमस्कार गुरुजी. आमची पोरगी चौथीला हाय. घ्या की ओ तिला."

"दाखला आणलाय का, ताई?"

"नाही ओ. जुन्या शाळेत दोनदा जाऊन आले. हेडमास्तर रजेवर हायेत म्हणतात."

"मग दाखला आणा आणि या. दाखल्याशिवाय नाव कसं घालणार?"

इथेच पुष्कळ आया मागे फिरतात. फिरू नये. कायद्याचे पाचवे कलम नेमके याचसाठी आहे. मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर त्याला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला लगेच दिला पाहिजे. दाखला यायला उशीर झाला तर त्या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. आणि जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर लावील त्याच्यावर नोकरीच्या नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. दाखला पोराच्या मागून येईल. पोराने दाखल्यासाठी थांबायचे नाही.

आज मुलांची नावे संगणकावरही असतात. नवी शाळा संगणकावरून जुन्या शाळेकडे मुलाच्या नोंदीची मागणी करते आणि जुनी शाळा ती नोंद पुढे पाठवते. त्यामुळे बरेच काम शाळा-शाळांमध्ये होऊ शकते. आपण फक्त जुन्या शाळेचे पूर्ण नाव, मुलाची इयत्ता, आणि शाळेच्या वहीतला त्याचा नोंदणी क्रमांक माहीत असेल तर तो सांगायचा. प्रगतिपुस्तकावर यातले पुष्कळ लिहिलेले असते. म्हणून बिऱ्हाड हलवताना प्रगतिपुस्तक पोत्यात टाकू नका. रेशनकार्डाबरोबर पिशवीत ठेवा. सगळ्यांत बरे म्हणजे घर बदलायचे ठरले त्याच आठवड्यात जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज द्यावा.

दुसरे उत्तर मिळते ते असे : "वर्ग भरलाय. जागा नाही."

हे उत्तर ऐकायला खरे वाटते. एका खोलीत किती पोरे कोंबणार? गुरुजींचीही अडचण असते. पण कायद्याचा हिशेब वेगळा आहे. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, असे प्रमाण कायद्याने ठरवून दिले आहे. मुले वाढली तर शिक्षक वाढवायचे, असा त्याचा अर्थ. मुले परत पाठवायची असा नाही. शाळेच्या पटावर जेवढी नावे, त्यावरून शिक्षकांची मंजुरी होते. म्हणजे आपल्या पोराचे नाव पटावर गेले की शाळेला आणखी शिक्षक मागायला आधारच मिळतो. सरकारी शाळेला, मग ती जिल्हा परिषदेची असो की महापालिकेची, जवळच्या वस्तीतल्या मुलाला 'जागा नाही' म्हणून घरी बसवता येत नाही. त्या शाळेत अगदीच अडचण असेल तर जवळची दुसरी शाळा दाखवून तिथे नाव घालून देणे हे कचेरीचे काम. खरे पाहता जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा आज मुलांची वाट बघत असतात. पट घटला की शाळा बंद पडण्याची भीती असते. अशा ठिकाणी आपल्याला हाका मारून घेतील.

खासगी शाळेचे मात्र वेगळे आहे. संस्थेची शाळा सरकारी अनुदानावर चालत असेल तर शाळा बदलण्याचा हक्क तिथेही लागू आहे. विनाअनुदानित शाळेत तो लागू नाही. तिथे गरीब व मागास घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात, पण त्या पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशाच्या वर्गात भरतात. चौथीतली मुलगी घेऊन त्या दारात हक्क सांगता येत नाही. उगाच तिथे दिवस घालवू नका.

"आता प्रवेश संपले, जूनमध्ये या." हे तिसरे उत्तर. ते पंधराव्या कलमात बसत नाही. मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही.

"जन्माचा दाखला नाही? आधार नाही?" जन्मदाखला नसला तर दवाखान्याची किंवा नर्सबाईंची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आईबापांनी वय लिहून दिले तरी चालते. वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही. आधारकार्डाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की त्यासाठी शाळेचा प्रवेश अडवायचा नाही. पुढे सवडीने काढून घ्यावे, ते बरे. प्रवेशासाठी परीक्षा घेणेही कायद्याने बंद आहे, आणि देणगी मागणेही.

भाषेचा प्रश्न सोलापूरकरांना जास्त जाणवतो. शहरात पोरगा तेलुगू शाळेत तिसरीपर्यंत शिकला आणि नव्या वस्तीजवळ मराठी शाळाच आहे, असे होते. कायदा म्हणतो की होता होईल तो मातृभाषेतून शिकवावे. 'होता होईल तो' हे शब्द जरा निसटते आहेत, हे खरे. आमचे म्हणणे असे की अशी दहा-वीस घरे एका वस्तीत असतील तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करावा आणि आपल्या माध्यमाचा वर्ग मागावा. एकट्याचा अर्ज कोपऱ्यात पडतो. वीस सह्यांचा अर्ज टेबलावर राहतो. पण वर्ग निघेपर्यंत पोराला घरी ठेवू नका. मराठी तर ते गल्लीत शिकलेलेच असते.

आता मुख्य गोष्ट. गोड बोलून झाले, कलम सांगून झाले, तरी 'नाही'च म्हणतात. मग?

इंग्लंड देशात अशी पद्धत आहे. घर बदलून आलेल्या आईबापांना शाळेत जागा नाकारली तर ती पत्राने नाकारावी लागते. पत्रात कारण लिहावे लागते, आणि अपील कसे करायचे तेही लिहावे लागते. अपील ऐकायला वेगळे पंच बसतात. ते शाळेचे नोकर नसतात. तिथे अगदी लहान मुलांच्या वर्गात एका शिक्षकापुढे ३० मुले ही हद्द आहे, म्हणून तिकडे पुष्कळ अपिले आईबाप हरतातही. त्या मानाने आपला कायदा सरकारी शाळेच्या बाबतीत आईबापांच्या जास्त बाजूचा आहे. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे : नकार कागदावर हवा. तोंडी 'नाही' हवेत विरून जाते. उद्या साहेब विचारतील, 'शाळेने कधी नाही म्हटले?' तेव्हा आपल्याजवळ काय?

म्हणून पहिले काम, शाळेत प्रवेशाचा अर्ज लेखी द्यायचा. त्याच्या दोन प्रती करायच्या. एक शाळेला द्यायची. दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे घेणाऱ्याची सही, तारीख आणि शिक्का. ही पोच सोन्यासारखी जपायची. "तेवढं लिहून द्या की ओ, का घेत नाही ते," असे गुरुजींना विनवायचे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. लिहून द्यायची वेळ आली की 'नाही' म्हणणारा माणूस पुन्हा विचार करतो.

शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. अध्यक्ष आपल्यासारखाच कुणाचा तरी बाप किंवा आई असते. त्यांना घरी जाऊन भेटा. नव्या गावात ओळख व्हायचीच असते, ती इथून होऊ द्या.

तेवढ्याने झाले नाही तर वर जायचे. गावातल्या शाळेच्या वर केंद्रप्रमुख असतात. त्यांच्या वर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. त्यांच्या वर जिल्हा परिषदेत प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी. शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण मंडळाच्या कचेरीत प्रशासनाधिकारी असतात. मघाची गोम इथे ध्यानात ठेवा. जुनी शहरातली शाळा दाखला देत नसेल तर ती तक्रार महापालिकेच्या कचेरीत. नव्या गावातली शाळा प्रवेश देत नसेल तर ती तक्रार पंचायत समितीत. एकाची तक्रार दुसरीकडे नेली तर फेरी वाया जाते.

अर्ज असा लिहावा. मोठा लिहायचे कारण नाही. रिकाम्या जागी आपली माहिती भरावी.

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, ............

विषय : मुलीला शाळेत प्रवेश मिळण्याबाबत.

महोदय,
आम्ही ता. ......... पासून ............ येथे राहायला आलो आहोत. माझी मुलगी ............ ही आधी ............ या शाळेत इयत्ता ...... मध्ये शिकत होती. ता. ......... रोजी मी तिला घेऊन येथील ............ शाळेत गेले. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम ५ प्रमाणे त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. मुलगी आज ...... दिवस घरी बसून आहे. तरी तिला लगेच प्रवेश मिळावा, आणि काय केले ते मला लेखी कळवावे, ही विनंती.
सोबत : शाळेत दिलेल्या अर्जाची पोच.

आपली,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, तारीख)

'मुलगी आज इतके दिवस घरी बसून आहे' हे वाक्य गाळू नका. साहेबांना कलम पाठ असते. पोरीचे दिवस मोजायचे राहून जातात.

याच कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने अशी लेखी तक्रार करायचा हक्क दिला आहे. कचेरीने दोन्ही बाजूंचे ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायला हवा. आता तीन महिने म्हणजे लहान मुलाचे अर्धे वर्ष गेल्यासारखेच. आम्हाला ही मुदत फार लांब वाटते. म्हणून अर्ज देऊन घरी बसायचे नाही. आठ दिवसांनी पोच घेऊन पुन्हा जायचे आणि अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते विचारायचे. कुणी सांगेना तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहेच, २००५ सालचा. दहा रुपयांचा अर्ज करून 'माझ्या अर्जाचे काय झाले' हे विचारता येते. दारिद्र्यरेषेखालच्यांना ते दहा रुपयेही लागत नाहीत. निकाल विरुद्ध गेला तर पुढचे अपील मुंबईला महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तिथे पत्राने तक्रार धाडता येते, त्यासाठी गाडी पकडायला नको.

मधल्या काळात जे शिकायचे राहून गेले त्याचे काय, असे कुणी विचारील. चौथ्या कलमात त्याची तजवीज आहे. मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला भाग वेगळा शिकवून भरून काढायचा. नऊ वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवून लाजवायचे नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हे सगळे दर वर्षी लागते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि पट्टा पडल्यावर परत येते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळे इथे येणारीही पोरे आहेत आणि इथून जाणारीही. स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक कचेरीचे काम म्हणून लिहिले आहे. कोप्या पडतात त्या गावातल्या शाळेने या पोरांना चार-पाच महिन्यांसाठी का होईना, वर्गात घेतले पाहिजे. निघण्याआधी आपल्या गावच्या गुरुजींना सांगा की आम्ही अमुक गावाला चाललो. ते शिक्षण हमी पत्रक देतात. पोर कोणत्या वर्गात आहे ते त्यावर लिहिलेले असते. तो कागद तिकडच्या शाळेत दाखवायचा आणि परतताना त्या शाळेची हजेरी लिहून आणायची. आजी-आजोबा गावी असतील आणि गावात हंगामी वसतिगृहाची सोय निघाली असेल तर पोराला मागे ठेवण्याचाही विचार करावा. पण तेही टोळी निघायच्या आधी विचारायचे, मुकादम दारात आल्यावर नाही.